झांकली गांठ

मराठी भाषेंत 'गांठ' ह्या एका शब्दाकडून जितकीं कामें करून घेतलीं जातात तितकीं क्वचितच दुसऱ्या शब्दाकडून घेतलीं जात असतील. दोराला गांठ असते, वेळूच्या पेरापेराला गांठ असते, मनांत गांठ बसते, दोन स्नेह्यांची वाटेंत गांठ पडते, लग्नाची तर गांठच बांधावी लागते. आणि अंगावर कोठें तरी कातडीखालीं बोटाला कांहीं कठीण लागलें म्हणजे तीहि गांठच. ह्या शेवटल्या गांठीविषयीं आम्ही चार शब्द लिहिणार आहों. आम्ही वैद्य नव्हों आणि रोगाचें निदान करणें हें आमचें काम नव्हे. परंतु मनुष्यजातीनें ह्या गांठीचा अर्थ कसकसा लावला ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि तो केवळ वैद्यांच्या स्वाधीन करून स्वस्थ बसण्यासारखा नाहीं असें आम्हांस वाटतें.

आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यांत ह्या गांठींचें एक चांगलें वर्गीकरण आढळतें. पिकून फुटतें तें गळूं; वर्षानुवर्षें न दुखतां बसून राहतें तें आवाळूं; केसाच्या मुळाशीं होतें तें केसतूड; काखेंत होते ती काखमांजरी; पायाला जखम झाली असतां जांघेंत येतें तें अवधाण; मानेवर माळेसारख्या उठतात त्या गंडमाळा; आणि गळ्यापुढें लोंबतो तो गलगंड. हीं नांवें ज्यांनीं दिलीं त्यांनीं डोळसपणें पाहिलें होतें ह्यांत शंका नाहीं. परंतु तें सारें पाहणें बाहेरून होतें. जागा कोणती, आकार केवढा, दुखतें कीं नाहीं, पिकतें कीं नाहीं, एवढ्यावरून नांव ठरे. बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन गांठींपैकीं एक निरुपद्रवी आणि दुसरी जीवघेणी असूं शकते, ही अडचण त्या नांवांनीं सुटण्यासारखी नव्हती.

ती सुटावयाची तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात. कोणी तरी गांठीच्या आंत पाहावें लागतें. आणि ज्याच्या अंगावर गांठ आहे त्यानें ती दाखवावी लागते. पहिल्या गोष्टीचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत सविस्तर आढळतो. दुसरीचा फारसा कोणी लिहीत नाहीं. आमच्या मतें दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची असून ती अद्याप पुरी झालेली नाहीं. दोहोंचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचा येथें विचार आहे.

ह्या विषयावरील अत्यंत जुना म्हणतां येईल असा लेख मिसर देशांतील आहे. १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लक्सोर येथें एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचें भाषांतर ब्रेस्टेड ह्या पंडितानें १९३० सालीं प्रसिद्ध केलें. ही प्रत ख्रिस्तापूर्वीं सुमारें १६०० वर्षांची असून तींतील मजकूर त्याहूनहि जुना असावा असें विद्वान् मानतात. तींत ४८ रोग्यांचीं वर्णनें आहेत. प्रत्येक वर्णनाच्या शेवटीं वैद्यानें काय म्हणावें हेंहि सांगितलें आहे: हा रोग मी बरा करीन, ह्याच्याशीं मी झगडेन, अथवा हा उपचाराबाहेरचा आहे. पंचेचाळिसाव्या प्रकरणांत स्तनावर उठलेल्या गांठींचें वर्णन आहे. त्या स्पर्शाला थंड, आणि कच्च्या फळासारख्या कठीण असतात असें लेखक सांगतो. आणि उपचाराच्या जागीं, उपचार नाहीं, एवढेंच लिहून थांबतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या अज्ञात वैद्याच्या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटतें. जें आपल्या हातून होणार नाहीं तें होईल असें त्यानें म्हटलें नाहीं. तथापि ह्याच प्रामाणिकपणांतून पुढें एक घातक चाल कशी निघाली हें आतां पाहावयाचें आहे.

ग्रीक वैद्यांनीं ह्या कठीण गांठीला खेंकड्याचें नांव दिलें. गांठीभोंवतीं फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, असें ह्या नांवाचें कारण गेलननें ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकांत दिलें आहे. तीच उपमा युरोपीय भाषांच्या द्वारें आपल्याकडे आली आणि 'कर्करोग' हा शब्द रूढ झाला. हिपोक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या सूत्रसंग्रहांत असा उपदेश आहे कीं, गुप्त कर्करोगाला हात लावूं नये. उपचार केला तर रोगी लवकर मरतो, न केला तर पुष्कळ दिवस जगतो. शुद्धि हरपण्याचें खात्रीचें औषध नाहीं, जंतूंचें ज्ञान नाहीं, रक्तस्राव थांबविण्यास तापलेल्या लोखंडावांचून साधन नाहीं, अशा काळीं हा सल्ला सुज्ञपणाचाच होता. गेलननें त्यास तत्त्वज्ञानाची जोड दिली. शरीरांतील काळें पित्त सांचून ही गांठ होते, अर्थात् सबंध शरीरच दूषित असतें, तेव्हां एक गांठ कापून काय होणार, असा त्या मताचा ओघ होता. हें मत युरोपांत दीड हजार वर्षें प्रमाण मानलें गेलें.

आपल्याकडील सुश्रुतानें दुसरी वाट धरली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड ह्या चारांस वाहिलेला आहे. अपचीच्या गांठी आवळ्याच्या बीएवढ्या, माशाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारख्या असतात, हें त्याचें वर्णन ज्यानें गंडमाळा पाहिल्या आहेत त्याला लगेच पटेल. अर्बुदाविषयीं तो सांगतो कीं, तें वाटोळें, घट्ट बसलेलें, खोल मुळें असलेलें, हळूहळू वाढणारें, थोडें दुखणारें आणि न पिकणारें असतें. ह्यांतील 'थोडें दुखणारें' हें शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे. त्यांचें प्रयोजन लेखाच्या शेवटीं पडणार आहे. चिकित्सास्थानांत तर तो ह्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो: अर्बुद काढावयाचें तर निःशेष काढावें, कांहीं शिल्लक राहिलें तर तें पुन्हा वाढतें. दोषांची उपपत्ति आज मान्य होणार नाहीं; परंतु शेष राहिलेल्या अर्बुदाविषयींचा अनुभव आजच्या शस्त्रवैद्यासहि मान्य आहे. दुर्दैवाची गोष्ट एवढीच कीं, पुढें आपल्याकडे शस्त्र वैद्याच्या हातून सुटलें. ग्रंथाचें पठण चालू राहिलें, पण त्यांतील हात थांबला.

गांठ दाखविण्याच्या इतिहासांतील एक चमत्कारिक प्रकरण इंग्लंड व फ्रान्स ह्या देशांत घडलें. मानेवरील गंडमाळांना तेथें 'राजरोग' म्हणत. कारण अभिषिक्त राजाच्या हस्तस्पर्शानें त्या बऱ्या होतात अशी समजूत होती. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स ह्यानें आपल्या कारकीर्दींत नव्वद हजारांहून अधिक रोग्यांना स्पर्श केला असें सांगतात. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ह्यांपैकीं एक रोगी चांगला परिचित आहे. १७१२ सालीं लिचफील्ड येथील एका पुस्तकविक्याच्या अडीच वर्षांच्या मुलास त्याच्या आईनें लंडनला नेलें आणि राणी अ‍ॅन हिनें त्याला स्पर्श केला. तो मुलगा म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन. राणीनें गळ्यांत घातलेलें सोन्याचें पदक त्यानें जन्मभर बाळगलें, परंतु गंडमाळा कांहीं बऱ्या झाल्या नाहींत. त्या कापाव्या लागल्या आणि त्यांचे व्रण त्याच्या मुद्रेवर अखेरपर्यंत राहिले. १७१४ सालीं गादीवर आलेल्या पहिल्या जॉर्जनें इंग्लंडांतील ही चाल बंद केली.

ह्या चालीला हंसणें सोपें आहे. पण एक गोष्ट दिसते. आपला हात कोणी आदरानें धरील असा भरंवसा असला म्हणजे हजारों माणसें, बायकामुलांसुद्धां, आपली व्याधि चारचौघांत दाखविण्यास रांग लावून उभीं राहतात. राजाजवळ विश्वास होता, ज्ञान नव्हतें. ज्ञान येण्यास आणखी दीडशें वर्षें लागलीं. फुप्फुसांत आढळणाऱ्या बारीक करड्या गांठींना लॅटिन भाषेंत 'लहान गांठ' अशा अर्थाचा शब्द लावीत, आणि त्याच शब्दावरून क्षयरोगाचें टी.बी. हें आज घरोघर ठाऊक असलेलें नांव आलें आहे. मानेवरील गंडमाळा आणि फुप्फुसांतील गांठी ह्यांचा रोग एकच, असें फ्रान्समधील लेनेक ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रतिपादिलें. १८६५ सालीं व्हिलमँ ह्यानें क्षयी मनुष्याच्या गांठींतील द्रव्य सशांना टोंचून तो रोग त्यांच्यांत उत्पन्न करून दाखविला. शेवटीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख ह्यानें त्या रोगाचा जंतूच सभेपुढें मांडला. राणीच्या बोटांखालीं जी गांठ होती तींत काय होतें ह्याचें उत्तर त्या दिवशीं मिळालें.

गलगंडाचें रहस्य तर त्याहूनहि अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. १८११ सालीं कूर्त्वा नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञास समुद्रांतील शेवाळाच्या राखेंत आयोडीन हें द्रव्य मिळालें. १८२० सालीं जिनीव्हा येथील डॉ. क्वँदे ह्यानें तें गलगंडावर देऊन पाहिलें. १८९५ सालीं बाउमान ह्यास तेंच द्रव्य गळ्यांतील थायरॉईड ग्रंथींत आढळलें, आणि डोंगराळ मुलखांतील पाण्यांत व मातींत त्याची वाण पडली कीं ती ग्रंथि वाढते हें पुढें सिद्ध झालें. १९२२ सालापासून स्वित्झर्लंडनें मिठांत आयोडीन घालण्यास आरंभ केला. आपल्या देशांत कांग्रा खोऱ्यांत रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९५६ सालीं सुरू केलेल्या प्रयोगानें तीच गोष्ट निर्विवाद ठरविली, आणि १९६२ सालीं भारत सरकारनें गलगंडनियंत्रणाची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. सुश्रुतानें ज्या चार विकारांस एका अध्यायांत बसविलें होतें त्यांपैकीं अपचीचें उत्तर जंतूंत सांपडलें आणि गलगंडाचें चिमूटभर मिठांत. एका नांवाखालीं असलेल्या वस्तु अशा एकेक करून वेगळ्या होत गेल्या.

राहिलें अर्बुद. त्याची कथा अधिक दुःखाची आहे. १८०४ सालीं जपानांत हानाओका सेइशू ह्या शस्त्रवैद्यानें वनस्पतींच्या काढ्यानें शुद्धि हरपून एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या स्तनांतील गांठ काढली. परंतु जपानचे दरवाजे तेव्हां जगाला बंद असल्यामुळें ही वार्ता बाहेर गेली नाहीं. सात वर्षांनीं, ३० सप्टेंबर १८११ रोजीं, पॅरिस येथें फॅनी बर्नी ह्या इंग्रज कादंबरीलेखिकेवर तशीच शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध लारे होता. भूल देण्याचें साधन मात्र नव्हतें. काळे कपडे घातलेले सात पुरुष अकस्मात् खोलींत कसे शिरले आणि पुढील वीस मिनिटांत काय झालें, हें तिनें नऊ महिन्यांनंतर आपल्या बहिणीस पत्रानें कळविलें. तें पत्र लिहितांनाहि तिला पुनःपुन्हां थांबावें लागलें. हें पत्र वाचल्यावर, गांठ लागतांच स्त्रिया ती कां लपवीत असतील ह्याचें कारण वेगळें शोधावें लागत नाहीं. बर्नी त्यानंतर २८ वर्षें जगली. पण तिच्या गांठीचें स्वरूप खरोखर कर्करोगाचें होतें कीं नव्हतें हें त्या दिवशीं लारेलाहि सांगतां आलें नसतें. कापण्यापूर्वीं आंत काय आहे हें पाहण्याची सोयच नव्हती. बोट सांगेल तें खरें.

ही सोय सूक्ष्मदर्शक यंत्रानें झाली. १८३८ सालीं योहान्नेस म्युलर ह्यानें अर्बुदांची सूक्ष्म रचना वर्णन केली. त्याचा शिष्य रुडॉल्फ फिरखो ह्यानें १८५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत असें मांडलें कीं, प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच उत्पन्न होते, आणि रोग म्हणजे पेशींचाच बिघाड. ह्या एका सिद्धांतानें काळ्या पित्ताची दीड हजार वर्षांची सत्ता मोडली. कर्करोगाची गांठ हें बाहेरून सांचलेलें विष नसून आपल्याच शरीरांतील मर्यादा सोडलेल्या पेशींचें बंड आहे, आणि तें आरंभीं एके ठिकाणींच असतें, हें ध्यानीं आलें. म्हणजे 'हात लावूं नये' ह्या सल्ल्याच्या मुळाशीं असलेली उपपत्तीच नाहींशी झाली. १८४६ सालीं ईथर आला, १८६७ सालीं लिस्टरची जंतुघ्न पद्धति आली, आणि त्या सल्ल्याचें व्यावहारिक कारणहि उरलें नाहीं.

परंतु नव्या साधनाचा अहंकारहि लवकरच उतरला. १८८७ च्या मार्चमध्यें जर्मनीचा युवराज फ्रेडरिक ह्याच्या डाव्या स्वरतंतूवर डॉ. गेर्हार्ड ह्यास एक लहानशी गांठ दिसली. तापलेल्या तारेनें ती जाळली तरी ती पुन्हा आली. शस्त्रवैद्य बेर्गमान ह्यानें कर्करोग ठरवून शस्त्रक्रियेचा बेत केला. पण लंडनहून बोलावलेल्या मॅकेंझीनें आधीं तुकडा तपासून पाहण्याचा आग्रह धरला. तुकडा खुद्द फिरखोकडे गेला आणि त्यास त्यांत कर्करोगाचें चिन्ह आढळलें नाहीं. शस्त्रक्रिया राहिली. नोव्हेंबरांत मात्र रोगाविषयीं संशय उरला नाहीं. १८८८ च्या मार्चमध्यें बाप वारल्यावर फ्रेडरिक सम्राट झाला तेव्हां त्याला बोलतांहि येत नव्हतें. ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजीं तो मरण पावला आणि गादी दुसऱ्या विल्यमकडे गेली. फिरखोच्या डोळ्यांचा ह्यांत दोष काढतां येत नाहीं. यंत्राला जो तुकडा दिला जातो तेवढ्याचीच साक्ष तें देतें. म्हणूनच आजचे वैद्य बोटांची परीक्षा, छायाचित्र आणि पेशींची तपासणी ह्या तिहींचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहतात, आणि न बसल्यास पुन्हा तपासतात.

आतां आपल्या प्रांतांत घडलेल्या प्रकरणाकडे वळूं. १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सँ ह्यानें प्लेगच्या गांठींतील द्रव काढून त्यांतील जंतु पाहिला. दोनच वर्षांनीं, १८९६ च्या सप्टेंबरांत, मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा प्लेग आहे असें निदान केलें. जांघेंत वा काखेंत गांठ आणि भडकलेला ताप; आपल्या लोकांनीं त्यास ग्रंथिज्वर म्हटलें. हाफकीन ह्यांनीं १८९७ च्या जानेवारींत आपली लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. येथवर ज्ञानाचा भाग ठीक चालला होता. विश्वासाचा भाग मात्र साफ बिघडला. १८९७ च्या साथरोग कायद्यानें सरकारास हवे ते अधिकार मिळाले. आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंच्या काखा व जांघा चाचपल्या जाऊं लागल्या. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे सोल्जर घरांघरांत, माजघरांत व देवघरांत शिरले. ज्याला गांठ सांपडेल तो रुग्णालयांत आणि त्याचें कुटुंब छावणींत. २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळ्या झाडल्या, हा भाग वाचकांस पाठ आहे.

ह्या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळांनीं लिहिली आहे. आम्हांस तिची दुसरी बाजू येथें दाखवावयाची आहे. जी गांठ आदरानें विचारली असती तर लोकांनीं दाखविली असती, ती बळानें शोधली जाऊं लागतांच लोक ती लपवूं लागले. आजारी माणसें माळ्यावर व कपाटांत दडविलीं गेलीं, प्रेतें गुपचूप पुरलीं गेलीं, आणि ज्या साथीला आवर घालण्यासाठीं हा खटाटोप होता ती लपविण्यामुळें पसरण्यास मदतच झाली. त्याच साथींत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव ह्यांनीं दवाखाना चालविला होता. तेथें रोग्यांना आणण्यासाठीं सोल्जरांची गरज पडली नाहीं. रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाईंनाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. गांठ एकच, साल एकच. एका हाताला पाहून लोक दारें लावीत होते आणि दुसऱ्या हाताच्या स्वाधीन आपलीं मुलें करीत होते.

परक्या सरकारचा दंडुका गेला, तरी लपविण्याची संवय गेली नाहीं, कारण तिचें मूळ घरांतहि आहे. 'अवघड जागीं दुखणें आणि जांवई वैद्य' ही म्हण आपल्याकडे हंसत हंसत म्हटली जाते. पण तींत किती बायांचें मरण सांठलेलें आहे ह्याचा विचार कोणी करीत नाहीं. स्नान करतांना छातीला गांठ लागते. ती दुखत नाहीं. घरांत मुलीचें लग्न ठरत असतें, सुनेचें बाळंतपण जवळ आलेलें असतें, मुलाची परीक्षा असते. आपलें दुखणें काढून घराला खर्चांत कां पाडावें, असें ती माउली म्हणते. आणि मनाच्या तळाशीं, कर्करोग असला तर काय उपयोग, नुसतें नांव ऐकून मरावें लागेल, ही भीति असते. ही भीति म्हणजे हिपोक्रेटिसचाच सल्ला होय. अडीच हजार वर्षांपूर्वीं जो सल्ला साधनांच्या अभावीं शहाणपणाचा होता, तो साधनें आल्यावरहि घराघरांतून चालू राहिला आहे. सल्ल्याचें कारण मेलें, सल्ला मात्र जिवंत राहिला. आणि तो माणसें मारीत आहे.

वस्तुतः ज्या दोन गोष्टींचें भय वाटतें त्या दोन्ही आज पूर्वींसारख्या राहिलेल्या नाहींत. पहिलें भय गांठीच्या नांवाचें. स्तनांतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. आणि असल्या वा नसल्या तरी तें ठरविण्यासाठीं प्रत्येक वेळीं शस्त्र लागत नाहीं. न्यू यॉर्क येथील मार्टिन व एलिस ह्यांनीं १९३० सालीं सुईनें गांठींतील पेशी ओढून तपासण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि तिच्या सुधारलेल्या स्वरूपांत ती आज जिल्ह्याच्या गांवींहि उपलब्ध आहे. दुसरें भय अंगभंगाचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेडनें घालून दिलेल्या रीतीप्रमाणें स्तन, त्याखालील स्नायु व काखेंतील ग्रंथी सर्वच काढीत. १९८१ सालीं मिलान येथील वेरोनेझी ह्यांनीं आणि १९८५ सालीं अमेरिकेंतील बर्नर्ड फिशर ह्यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, लहानपणींच सांपडलेली गांठ तेवढीच काढून किरणोपचार केले तर आयुर्मर्यादा कमी होत नाहीं. ह्यांत 'लहानपणींच सांपडलेली' हीच काय ती अट आहे. आणि ती अट पुरी करणें शस्त्रवैद्याच्या हातीं नसून घराच्या हातीं आहे.

मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. त्याच संस्थेंतील डॉक्टरांनीं १९९८ सालीं मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांची त्यासाठीं निवड झाली. त्यांपैकीं एका गटांत शिकवून तयार केलेल्या स्त्री-आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें स्तनांची परीक्षा करीत आणि काय पाहावें हें समजावून सांगत. दुसऱ्या गटास केवळ माहिती दिली जाई. वीस वर्षांचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. परीक्षा होत असलेल्या गटांत रोग अलीकडच्या पायरीवर सांपडला. आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत ह्या रोगानें होणारे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मृत्यूंचें प्रमाण तसें घटलेलें दिसलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि ह्या प्रयोगाचें ऐतिहासिक महत्त्व आम्हांस फार वाटतें. ज्या शहरांत शंभर वर्षांपूर्वीं गांठी शोधण्यासाठीं माणसें आलीं म्हणजे वस्त्या हातघाईवर येत, त्याच शहरांत त्याच तऱ्हेच्या वस्त्यांतून बायकांनीं बायकांना दारें उघडलीं. साधन मिसरी वैद्याच्या वेळचेंच, म्हणजे मनुष्याचीं बोटें. फरक दोनच गोष्टींत होता. त्या बोटांमागें काय करावयाचें ह्याचें ज्ञान उभें होतें, आणि तीं बोटें परवानगी विचारून पुढें आलीं होतीं.

सुश्रुताचे जे शब्द लक्षांत ठेवण्यास आम्ही सांगितलें होतें त्यांजकडे आतां परत येतों. अर्बुद थोडेंच दुखतें. आपल्या घरांतून 'दुखत नाहीं ना, मग राहूं दे' हें वाक्य जितक्या वेळां उच्चारलें जातें तितक्या वेळां ह्या जुन्या अनुभवाचा विसर पडलेला असतो. न दुखणें ही निर्धास्त होण्याची खूण नव्हे. गांठ नवी असेल, वाढत असेल, कठीण व जागच्या जागीं घट्ट बसलेली असेल, किंवा कांहीं आठवड्यांत विरत नसेल, तर ती वैद्यास दाखवावी. बहुधा तो हंसून घरीं पाठवील. आणि न पाठविल्यास ज्या दिवसांचा उपयोग होण्यासारखा आहे ते दिवस हातांत राहतील. हें सांगण्याचें काम एकट्या रोग्यावर टाकणेंहि बरोबर नाहीं. मुलाच्या तापाची, जांवयाच्या पोटदुखीची चौकशी जितक्या सहजपणें होते तितक्याच सहजपणें 'आई, तुला कोठें गांठबिंठ लागत नाहीं ना?' असें मुलीला व सुनेलाच काय, मुलालाहि विचारतां आलें पाहिजे. झांकली मूठ सव्वा लाखाची असते असें आपण म्हणतों. झांकल्या गांठीची किंमत किती होते, हें ज्या घरांनीं मोजून दिली आहे त्यांसच ठाऊक आहे. इतर घरांनीं ती मोजण्यापूर्वींच वैद्याची गांठ घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.